वीज कोणासाठी? : बाबासाहेबांच्या जीवनातील एक दुर्लक्षित पर्व



आपल्या छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव कोणाला परके नाही. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर ते आहे, नागसेनवनातल्या वाटांवर ते आहे. चवदार तळे, राज्यघटना आणि धम्मदीक्षा ही त्यांच्या जीवनातील तीन शिखरे शाळकरी मुलालाही सांगता येतात. परंतु १९४२ ते १९४६ या चार वर्षांत साऱ्या देशाच्या विजेचे खाते त्यांच्याकडे होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र घेतल्यानंतर ग्रंथालयात त्यांच्या समग्र लेखन व भाषणांचा दहावा खंड माझ्या हाती आला. त्या खंडात हे पर्व आहे. त्याविषयीच मी आज लिहिणार आहे.

हा विषय मला जवळचा वाटण्याचे एक साधे कारण आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमची शेती विहिरीच्या पाण्यावर. माझ्या लहानपणी मोटारीला लागणारी थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळे. रात्रपाळीच्या आठवड्यात वडील बॅटरी आणि काठी घेऊन दारे धरायला जात आणि ते परत येईपर्यंत आईचा डोळा लागत नसे. वीज होती, खांब होते, तारा होत्या. पण ती आमच्या वाट्याला केव्हा यावी हे ठरवणारे आम्ही नव्हतो. वीज कोणाच्या मालकीची, ती कोणाला, केव्हा आणि किती दराने मिळावी, हे प्रश्न बाबासाहेबांनी ऐंशी वर्षांपूर्वी सरकारी बैठकीत मांडले होते हे वाचले, तेव्हा हा थोर पुरुष आमच्या बांधावर येऊन उभा राहिल्यासारखे मला वाटले.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते. आई भीमाबाई बाबासाहेबांच्या बालपणीच वारल्या. साताऱ्याचे दिवस संपवून हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच झोपणे, तिथेच अभ्यास. पहाटे घरात सामसूम असताना रॉकेलच्या लहानशा दिव्यापाशी बसून हा मुलगा वाचत असे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्य लाभले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून त्याने बी. ए. पूर्ण केले. १९१३ साली वडील वारले, आणि त्याच वर्षी बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

बाबासाहेब अमेरिकेत असतानाच, १९१५ साली, टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी नळांतून खाली सोडायचे, त्यावर चक्रे फिरवायची आणि तयार झालेली वीज तारांनी मुंबईला न्यायची, असा तो प्रचंड उद्योग होता. परळ-लालबागच्या गिरण्या विजेवर धावू लागल्या. त्या गिरण्यांत राबणाऱ्या कामगाराच्या खोलीत मात्र वीज पुष्कळ उशिरा पोचली. यंत्राला आधी आणि माणसाला मागून, असा तो क्रम होता.

१९१७ साली ते परतले. बडोद्यात नोकरीच्या जागी आणि राहण्याच्या जागी त्यांना जो अपमान सोसावा लागला, तो सर्वांना ठाऊक आहे. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. विजेच्या प्रकरणाचे बी मला या निबंधात दिसते. जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब आहे आणि तुकडे एकत्र केले की प्रश्न सुटेल, असे तेव्हाचे अनेक तज्ज्ञ म्हणत. बाबासाहेबांनी हा प्रश्न उलटा करून पाहिला. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही. त्यावर राबणारे हात किती आणि भांडवल किती, यावर ते ठरते. आपल्याकडे भांडवल तोकडे आणि हात जास्त. चार एकरांवर तीन भाऊ राबत असतील तर त्यातले दोघे प्रत्यक्षात रिकामेच असतात. कष्ट तिघांचे, पीक एकाच्या कष्टाचे. आमच्या गावात असे कोणते घर नाही? या रिकाम्या हातांना काम द्यायचे तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत. असे झाले तर शेतीवरचा भारही हलका होईल. सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाने काढलेला हा निष्कर्ष पुढे त्यांनी कधी सोडला नाही.

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली, बॅरिस्टरीही झाली. १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. कोकणातल्या खोतीविरुद्ध त्यांनी १९३७ साली विधिमंडळात विधेयक आणले आणि १९३८ साली कामगारांच्या संपाच्या हक्कासाठी ते मुंबईच्या रस्त्यावर उतरले. अस्पृश्यांचा हा नेता शेतकऱ्यांचा आणि कामगारांचाही नेता होता, हे विसरून चालणार नाही.

जुलै १९४२ मध्ये त्यांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद म्हणून नेमणूक झाली. हे खाते नावापुरते मजुरांचे होते. खाणी, सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हे सारे विषय त्यातच येत. महायुद्ध ऐन भरात होते. वीजघरे, आगगाड्या आणि कारखाने कोळशावर चालत, आणि कोळसा कमी पडत होता.

येथे एक कटू प्रसंग सांगितलाच पाहिजे. स्त्रियांनी खाणीत जमिनीखाली काम करण्यास पूर्वीच बंदी झाली होती. १९४३ साली कोळशाच्या टंचाईमुळे सरकारने ती तात्पुरती उठवली. खाते बाबासाहेबांचे असल्यामुळे टीका त्यांच्यावर झाली आणि विधिमंडळात त्यांना उत्तरे द्यावी लागली. खाणीत उतरणाऱ्या स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या वर्षाच्या डिसेंबरात ते धनबाद-राणीगंजच्या कोळसापट्ट्यात गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांची घरे पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळशावर कर बसवून खाणकामगारांच्या कल्याणासाठी निधी उभारण्यात आला. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. एक स्त्री म्हणून मला ती अडीच वर्षे बोचतात. पण शहरात बटण दाबल्यावर लागणाऱ्या दिव्याच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे, हे पाहण्यासाठी खाणीत उतरणारा सत्ताधारी विरळाच, हेही मला मान्य करावे लागते.

२५ ऑक्टोबर १९४३ हा दिवस या पर्वात महत्त्वाचा आहे. युद्धानंतरच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या समितीची विजेच्या प्रश्नावरील बैठक दिल्लीत भरली. बाबासाहेब अध्यक्षस्थानी होते. त्यांनी बैठकीपुढे ठेवलेले प्रश्न आजही ताजे वाटतात. विजेची मालकी सरकारची असावी की खाजगी कंपन्यांची? खाजगी असेल तर लोकांचे हित सांभाळण्यासाठी कोणत्या अटी घालाव्यात? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? आणि वीज स्वस्त व मुबलक मिळण्यासाठी कोणती पद्धत सर्वांत सोयीची? वीज हवी कशाला, याचाही त्यांनी खुलासा केला. १९१८ च्या निबंधाचाच धागा त्यात होता. गरिबीच्या चक्रातून माणसे बाहेर काढायची तर उद्योग हवेत आणि उद्योगांना स्वस्त, भरपूर वीज हवी. स्वस्त असून अपुरी, किंवा भरपूर असून महाग, अशी वीज त्यांच्या लेखी कुचकामी होती.

बाबासाहेब प्रश्न मांडून थांबले नाहीत. नोव्हेंबर १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. देशात वीज कोठे व कशी निर्माण करता येईल याची पाहणी आणि आखणी हे त्याचे काम. १९४५ साली जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग निर्माण झाला. १९४३ च्या जुलैत दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडवला होता. त्या नदीसाठी जानेवारी आणि ऑगस्ट १९४५ मध्ये कलकत्त्याला झालेल्या परिषदांत बाबासाहेबांनी केंद्र, बंगाल आणि बिहार यांना एकत्र आणले. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर एकाच योजनेतून पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज साधावी, असा विचार तेथे पक्का झाला. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे महानदीविषयी जी परिषद झाली, तिच्यातून पुढे हिराकूड धरणाची वाट मोकळी झाली. कारखान्यांतल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्तीही याच काळातली, १९४६ सालची.

स्वातंत्र्यानंतर ते कायदेमंत्री झाले आणि मसुदा समितीचे अध्यक्ष. ते मंत्रिमंडळात असतानाच १९४८ साली वीज पुरवठा कायदा संमत झाला. त्या वेळी वीजखाते काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते. या कायद्यामुळे राज्यांची वीज मंडळे जन्माला आली. घटनेत वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र व राज्ये दोघांनाही कायदे करता येतात. १९३५ च्या कायद्याची ही वाट घटनेने पुढे चालू ठेवली. १९४३ च्या बैठकीतल्या केंद्र की प्रांत या प्रश्नाचे उत्तर असे दोघांच्याही पदरात पडले.

याच सूचींत आणखी एक गमतीची नोंद आहे, आणि ती आपल्याला थेट आजच्या काळात आणते. राज्यसूचीत गॅस आणि गॅसनिर्मिती असा विषय आहे, तर संघसूचीत तेलक्षेत्रे व खनिज तेल. घटना तयार होत असताना गॅस म्हटला की प्रामुख्याने कोळशापासून शहरात तयार केलेला गॅस डोळ्यांपुढे येई. जमिनीखालून किंवा समुद्रतळातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूचे काय? हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००४ साली निर्णय झाला की नैसर्गिक वायू, मग तो द्रवरूपात आणलेला का असेना, केंद्राच्याच अखत्यारीत येतो. म्हणजे वीज दोघांची, पण ती तयार करण्याचा वायू एकट्या केंद्राचा.

बाबासाहेबांच्या हयातीत महाराष्ट्रात असा वायू सापडलेला नव्हता. १९७४ साली अरबी समुद्रात मुंबई हाय येथे तेल आणि वायू लागला. १९८२ साली उरणला वायूवर चालणारे वीज केंद्र सुरू झाले. वायू हवेत मिसळून जाळायचा, त्या तप्त झोताने चक्र फिरवायचे. मग तीच उष्णता वाया न घालवता तिच्यावर पाणी उकळून वाफेचे दुसरे चक्र फिरवायचे, अशी याची रीत. उरणला १०८ मेगावॅटचे चार वायुसंच आणि १२० मेगावॅटचे दोन वाफसंच मिळून ६७२ मेगावॅटची क्षमता झाली. अशा चांगल्या केंद्रात इंधनातल्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक भाग विजेत उतरतो. कोळशाच्या केंद्रात तो पुष्कळ कमी असतो. राख नाही, कार्बन वायू सुमारे निम्मा, आणि पाण्याची गरजही कमी. या शेवटच्या गोष्टीचे मोल मराठवाड्याला सांगायला नको. २०१५ च्या दुष्काळात आपल्या परळीचे औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते.

वायुकेंद्राचा आणखी एक गुण आहे. कोळशाचा थंड पडलेला संच पेटवून पूर्ण ताकदीवर यायला कित्येक तास लागतात. वायुसंच काही मिनिटांत जागा होतो. संध्याकाळी सूर्य मावळतो, सौर वीज संपते आणि नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात. त्या घटकेला धावून येणारा गडी म्हणजे वायुकेंद्र.

मग ही केंद्रे सर्वत्र जोरात का चालत नाहीत? २०२४ साली देशात वायुकेंद्रांची क्षमता सुमारे २५ हजार मेगावॅट होती, पण एकूण विजेत त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच होता. देशातला वायू पुरत नाही, आयात केलेला महाग पडतो. जो वायू आहे त्यावर अनेकांचा हक्क आहे. त्याच वायूपासून युरिया होतो. उरणपासून फार दूर नसलेल्या थळच्या कारखान्यात मुंबई हायचाच वायू खतासाठी वापरला गेला. वायू विजेला द्यावा की खताला, हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात एकाच माणसापाशी येऊन थांबतो, कारण त्याला दोन्ही हवे असतात.

बाबासाहेबांचा दंडक न पाळल्यास काय होते, याचा धडा दाभोळने दिला. एन्रॉन कंपनीच्या त्या प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ साली नाफ्थ्यावर सुरू झाला. पुढे आयात केलेल्या वायूवर तो चालायचा होता. किंमत डॉलरशी बांधलेली, आणि वीज घेतली नाही तरी मोठी रक्कम द्यावीच लागे. राज्याच्या वीज मंडळाला ते झेपेना. मे २००१ मध्ये वीजखरेदी थांबली आणि केंद्र बंद पडले. पुढे सरकारी कंपन्यांनी ते हाती घेतले आणि २००६ साली पुन्हा चालू केले. यंत्रे उत्तम होती, वीज भरपूर होती. परंतु ती स्वस्त नव्हती. खाजगी मालकी असेल तर लोकहितासाठी कोणत्या अटी घालाव्यात, हा १९४३ चा प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी नीट विचारला गेला असता तर राज्याचे पुष्कळ नुकसान टळले असते, असे मला वाटते.

माझे मत विचाराल तर वायुकेंद्रांना आपल्या वीजव्यवस्थेत मानाचे पण मर्यादित स्थान असावे. रोजचा मुख्य भार त्यांच्यावर टाकला तर आयातीच्या दराने गरिबाचे बिल वाढेल. संध्याकाळच्या टंचाईच्या घटकेसाठी त्यांना राखून ठेवले आणि दिवसाच्या सौर विजेवर शेतीपंप चालवले, तर रात्री बांधावर जाण्याची पाळी कोणावर येणार नाही. कोणते इंधन चांगले, याचे उत्तर काळाप्रमाणे बदलेल. पाणी होते, कोळसा आला, वायू आला, आता ऊन आहे. शेवटच्या माणसाला परवडेल अशी वीज पुरेशी मिळते की नाही, हा दंडक मात्र बदलण्याचे कारण नाही.

बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्याच्या आदल्या वर्षी, जून १९५० मध्ये, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज आपल्या शहरात सुरू झाले होते. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, आणि उच्च शिक्षण येथील गोरगरिबांच्या स्वप्नातही नव्हते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

कोळशाच्या खाणीत उतरलेले, दामोदरच्या पुराचा विचार करणारे आणि माळरानावर कॉलेज उभारणारे बाबासाहेब एकच होते. रिकाम्या हातांना काम आणि वंचित डोक्यांना ज्ञान मिळावे, ही त्या साऱ्या धडपडीमागची तळमळ होती. आपण त्यांच्या जयंतीला रोषणाई करतो, ती करावीच. त्या दिव्यांच्या माळा लावताना, ही वीज आली कोठून आणि ती अजून कोणापर्यंत पोचायची आहे, एवढे आपण एकमेकांना विचारले तरी त्यांच्या त्या चार वर्षांच्या कामाची जाण आपण ठेवली असे होईल.